डाय बदलायला खरंच ७० मिनिटं लागत होती का?

पत्र :

नमस्कार. मी वाळूज एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये प्रॉडक्शन इंजिनिअर आहे. आम्ही दुचाकीचे ब्रॅकेट आणि शीट मेटलचे छोटे पार्ट बनवतो. मागच्या वर्षी साहेबांनी मला एका प्रेसवरचा डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलायचा वेळ कमी करायचा प्रोजेक्ट दिला. ७० मिनिटांचं काम आम्ही २८ मिनिटांवर आणलं. सगळ्यांनी कौतुक केलं. मग माझी बदली दुसऱ्या लाइनवर झाली. काही महिन्यांनी सहज जाऊन पाहिलं, तर ५५ मिनिटं लागत होती.

आता क्वालिटी सर्कलच्या (आपल्याच कामातल्या अडचणी सोडवणाऱ्या कामगारांच्या छोट्या गटांच्या) स्पर्धेसाठी आठ दिवसांत प्रोजेक्ट रिपोर्ट करायला सांगितलाय, आणि त्यात वर्षाला पाच लाखांची बचत दाखवायची आहे. माझ्याकडे थोडे फोटो, व्हॉट्सॲपवरचे मेसेज आणि एक एक्सेल शीट एवढंच आहे. ७० हा आकडा सगळे म्हणायचे म्हणून घेतला होता. ज्या सेटर (प्रेसवर डाय लावणाऱ्या) काकांच्या मदतीने हे सगळं झालं, ते आता माझ्याशी धड बोलत नाहीत. पुढचा प्रोजेक्ट वेल्डिंग लाइनवरच्या रिवर्कचा, म्हणजे सदोष पीस पुन्हा दुरुस्त करण्याचा आहे. तो पहिल्यापासून नीट आखायचा आणि लिहायचा कसा? आणि या रिपोर्टचं काय करू?

एक इंजिनिअर, वाळूज


उत्तर :

नमस्कार ताई,

आधी रिपोर्टचं बोलू. आठ दिवसांची मुदत डोक्यावर असताना बाकीचं वाचण्यात तुमचं मन लागणार नाही. ७० वरून २८ आणि पाच लाखांची बचत, असा रिपोर्ट लिहू नका. तुम्ही केलेलं काम चांगलंच आहे, पण त्या रिपोर्टचा सगळा भार तीन आकड्यांवर आहे, आणि त्यातल्या एकाचीही बाजू आज तुम्हाला मांडता येणार नाही. परीक्षकांमध्ये प्रेस शॉपमधला एक जरी माणूस असला तरी तो पहिला प्रश्न विचारेल, ७० कुठून आले?

तुमच्या अडचणीचं मूळही त्याच आकड्यात आहे. सुधारणेच्या कामात बाकी सगळं मागाहून करता येतं. तक्ते मागाहून करता येतात, रिपोर्ट मागाहून लिहिता येतो, उपाय फसला तर दुसरा करून बघता येतो. सुधारणेआधीची स्थिती मात्र सुधारणेआधीच मोजावी लागते. एकदा ट्रॉली आली, बोल्ट बदलले, माणसं नव्या पद्धतीने काम करायला लागली की जुनी स्थिती कुणालाच पुन्हा दिसत नाही. म्हणून प्रोजेक्टचा पहिला कागद 'आज नेमकं काय चाललंय' याचा हवा, आणि तो कशालाही हात लावण्याआधी लिहिलेला हवा. वेल्डिंगच्या प्रोजेक्टसाठी माझ्या उत्तरातली एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या.

प्रेसच्या बाबतीत अजून सगळं हातचं गेलेलं नाही. प्रत्येक सेटिंगनंतर क्वालिटीवाला पहिला पीस तपासून सही करतो. त्या फर्स्ट पीस रिपोर्टवर वेळ लिहिलेली असते. आधीचा जॉब कधी थांबला ते रोजच्या प्रॉडक्शन शीटवर असतं, निदान कोणत्या तासात आकडा पडला एवढं तरी कळतं. 'मशीन बंद' या रकान्यात सेटिंगची वेळ भरायची पद्धत असेल तर फारच उत्तम. प्रोजेक्ट सुरू व्हायच्या आधीच्या दोन महिन्यांची ही दोन्ही कागदपत्रं रेकॉर्डमधून काढा आणि त्या प्रेसवरचे सगळे डाय बदल एका खाली एक लिहून काढा. सोयीचे तेवढे निवडू नका, सगळे घ्या. ज्याची वेळ सापडत नाही तिथे 'नोंद नाही' असं लिहा.

बहुतेक तुम्हाला ७० हा एक आकडा मिळणार नाही. काही बदल ४०-४५ मिनिटांत उरकलेले दिसतील, काही दीड तासावर गेलेले. माणसांच्या लक्षात वाईट दिवस राहतात, आणि 'आमच्याकडे सेटिंगला ७० मिनिटं लागतात' हे वाक्य बहुतेक वेळा अशा एखाद्या दिवसातूनच आलेलं असतं. सगळ्या नोंदी लहानापासून मोठ्यापर्यंत लावा. मधला आकडा, सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त, असे तिन्ही लिहा. सरासरी एकटी लिहू नका, एखाद्या दिवशी क्रेन बंद पडलेली असली तरी सरासरी वर जाते. खाली स्पष्ट लिहा, 'हे आकडे जुन्या नोंदींवरून काढले आहेत, प्रत्यक्ष मोजलेले नाहीत.' या एका ओळीमुळे तुमच्या कागदाची किंमत वाढेल.

२८ बद्दल मला वेगळी शंका आहे. ते कुठून कुठपर्यंत मोजलंत? बऱ्याच शॉपमध्ये जुन्या डायचे क्लॅम्प सोडल्यापासून नव्या डायचे क्लॅम्प आवळेपर्यंतचा वेळ धरतात. पण काम तिथे संपत नाही. शट हाइट (प्रेसचा वर-खाली होणारा रॅम पूर्ण खाली आल्यावर उरणारं अंतर) जुळवायची असते, दोन-चार पीस मारून बघायचे असतात, बर (पीसच्या कडेला राहणारी धारदार कुसळं) येतो म्हणून पुन्हा लाइनर (पातळ पट्टी) घालायचा असतो, मग तो पीस घेऊन इन्स्पेक्टरकडे जायचं, आणि इन्स्पेक्टर नेमका दुसऱ्या लाइनवर. प्रेस तोवर उभीच असते. म्हणून आधीच्या जॉबच्या शेवटच्या चांगल्या पीसपासून नव्या जॉबच्या पहिल्या ओके पीसपर्यंत मोजायचं. ही व्याख्या कागदाच्या पहिल्याच ओळीत लिहा. ती लिहिली नसेल तर तुमचे २८ आणि आजचे ५५ एकाच मापाने मोजलेत की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. कदाचित काम मागे गेलेलंच नसेल, मोजायची पद्धत बदलली असेल. कदाचित खरंच मागे गेलं असेल. आज तुम्हाला यातलं खरं काय ते माहीत नाही, आणि ते माहीत करून घेणं हेच पुढचं काम आहे.

ते कसं करायचं? एखाद्या कोपऱ्यात उभं राहून एक अख्खा डाय बदल सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायचा आणि जे दिसेल ते वेळेसकट लिहायचं. मध्ये फोन नाही, मध्येच कॅबिनमध्ये जाणं नाही. कागद साधारण असा दिसतो :

१०:१२ शेवटचा पीस. १०:१२ ते १०:२१ प्रेस उभी, सेटर दुसऱ्या प्रेसवर. १०:२१ ते १०:२६ ३० चा पाना शोधला, टूल रूममध्ये मिळाला. १०:२६ ते १०:३३ क्लॅम्प सोडले. १०:३३ ते १०:४४ फोर्कलिफ्टची वाट, ती डिस्पॅचची गाडी भरत होती.

ही पहिली ३२ मिनिटं झाली, आणि त्यात डायला हात लागला तो फक्त ७ मिनिटं. सेटर संथ आहे असं कुणी म्हणत असेल तर त्याच्यासमोर हा कागद ठेवा. सेटरचा हात भरभर चालवून यातलं फारसं काही वाचणार नाही. वेळ जातोय तो कुणीही त्याला पाना, फोर्कलिफ्ट आणि नवा डाय वेळेवर आणून देत नाही म्हणून.

डाय बदलण्याच्या वेळेवरचं सगळं काम ज्या माणसापासून सुरू झालं, त्या शिगेओ शिंगोंनाही हे असंच बघताना सापडलं होतं. १९५० मध्ये हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कारखान्यात, म्हणजे आजच्या माझदात, मोठ्या प्रेस पुऱ्या क्षमतेने का चालत नाहीत हे शोधायला ते गेले होते. ८०० टनी प्रेसवर डाय बदलणं चालू होतं आणि एक बोल्ट सापडेना. कामगार तासाभराहून जास्त वेळ सगळीकडे धावत राहिला आणि शेवटी एक बोल्ट घेऊन आला. तो त्याने शेजारच्या मशीनचा लांब बोल्ट कापून, त्यावर आटे पाडून बनवला होता. त्या दुसऱ्या मशीनचं सेटिंग आलं की तिथे काय होणार, हा शिंगोंना पडलेला प्रश्न. त्यातूनच पुढे डाय बदलातल्या कामांची विभागणी झाली : मशीन बंद असतानाच करावी लागणारी कामं आणि मशीन चालू असताना आधीच उरकून ठेवता येणारी कामं. १९६९ मध्ये टोयोटात १००० टनी प्रेसचं सेटिंग चार तासांचं होतं. ते सहा महिन्यांत ९० मिनिटांवर आणि त्यापुढच्या तीन महिन्यांत तीन मिनिटांवर आलं. तीन मिनिटांचीच गोष्ट सगळे सांगतात. हिरोशिमातल्या त्या बोल्टपासून तिथवर यायला १९ वर्षं गेली, हेही लक्षात ठेवा.

एका बाबतीत मात्र मला तुम्हाला कडकच सांगायचंय. पाहणीच्या कागदावर प्रत्येक कामापुढे 'हवं' की 'टाळता येईल' असं लिहिताना सुरक्षेची कामं कधीही टाळता येणाऱ्यांत टाकू नका. रॅमखाली सेफ्टी ब्लॉक लावणं, मेन स्विच बंद करून कुलूप घालणं, सेटिंगनंतर दोन्ही हातांची बटणं आणि सेफ्टी कर्टन (मध्ये हात आला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा) चालतात का ते तपासणं, याला जी मिनिटं लागतात ती लागू द्या. पॉवर प्रेसवर बोटं गमावलेली माणसं आपल्या औद्योगिक वसाहतींमध्ये आहेत, तुमच्याही ओळखीत कुणी असेल. वेळ कमी करायचं लक्ष्य भिंतीवर लागलं की पहिला बळी याच कामांचा जातो, कारण ती सोडली तर कुणाला लगेच कळत नाही. तुमच्या २८ मध्ये सेफ्टी ब्लॉक होता का, हे काकांना विचारा. नसेल तर तो आकडा रिपोर्टमध्ये तर नाहीच, भिंतीवरसुद्धा राहता कामा नये.

आता काकांकडे येते. तुम्ही त्यांच्याबद्दल एकच वाक्य लिहिलंय, पण मला सगळ्या पत्रात तेच सर्वांत महत्त्वाचं वाटलं. त्यांच्या बाजूने बघा. त्यांनी वीसेक वर्षं डाय लावले असतील. कोणता डाय कुठे अडतो, कोणत्याला किती लाइनर लागतो हे त्यांच्या डोक्यात आहे. तुम्ही आलात, त्यांनी तुम्हाला ते सांगितलं, काम झालं, फोटो निघाले, कौतुक तुमचं झालं आणि तुम्ही दुसऱ्या लाइनवर गेलात. मागे राहिले ते आणि २८ चं लक्ष्य. ट्रॉली डिस्पॅचवाले घेऊन गेले तरी २८ का झाले नाहीत हे विचारणार त्यांनाच. वर मनात ही भीती की वेळ वाचला म्हणजे एक हेल्पर जास्त झाला, आणि तो हेल्पर कदाचित त्यांच्याच गावचा असेल.

त्यांच्याकडे जा, पण रिपोर्टसाठी माहिती मागायला जाऊ नका. चहाच्या सुट्टीत बसा आणि सरळ विचारा, "काका, मी गेल्यावर काय काय बिघडलं?" मग गप्प राहून ऐका आणि त्यांच्यासमोरच लिहा. ५५ चं खरं उत्तर त्यांच्याकडे आहे, एक्सेल शीटमध्ये नाही. बहुतेक ते म्हणतील की एकाच मापाचे केलेले टी-बोल्ट (डाय आवळायचे बोल्ट) मोडल्यावर स्टोअरने पुन्हा जुन्याच मापाचे दिले, की नवीन आलेल्या कंत्राटी पोरांना कुणी शिकवलंच नाही, की पुढच्या जॉबचा प्लॅन शिफ्ट अर्धी झाल्यावर बदलतो त्यामुळे डाय आधी आणून ठेवण्यात अर्थच उरत नाही. शेवटचं कारण निघालं तर ते तुमच्या आणि काकांच्याही हातातलं नाही, ते प्लॅनिंगचं आहे, आणि ते तसंच कागदावर यायला हवं.

आणि साहेबांकडून एक गोष्ट लिहून घ्या. वाचलेल्या वेळेमुळे कुणाचंही काम जाणार नाही, हे एका ओळीत, नोटीस बोर्डावर, त्यांच्या सहीने. वेल्डिंगचा प्रोजेक्ट सुरू करायच्या आधी. ही ओळ मिळत नसेल तर वेल्डर तुम्हाला कामाचं काही सांगणार नाहीत, आणि मी त्यांना दोष देणार नाही. पाहणीच्या कागदावर माणसाचं नाव लिहू नका, 'ऑपरेटर', 'सेटर', 'हेल्पर' एवढंच लिहा. व्हिडिओ काढायचा तर विचारून काढा, आणि पहिल्यांदा त्यांनाच दाखवा. नाव लिहायची जागा उपायांच्या कागदावर आहे : ही कल्पना कुणाची होती ते तिथे ठळक लिहा.

वेल्डिंगच्या प्रोजेक्टची आखणी एका कागदावर मावते. टोयोटात यासाठी ए-थ्री आकाराचा कागद वापरतात, ४२० बाय २९७ मिलिमीटरचा, आणि सगळी गोष्ट त्याच्या एका बाजूवर बसवतात : हे काम का घेतलं, आज काय स्थिती आहे, कुठवर जायचंय, कारणं काय, काय करून बघणार, कोण कधीपर्यंत करणार, आणि झाल्यावर कसं तपासणार. तुमच्याकडे ए-फोर असेल तर दोन चिकटवा. सॉफ्टवेअर, चार्टर, रंगीत गँट चार्ट यांच्या मागे लागू नका, लहान शॉपमध्ये ते भरण्यातच महिना जातो. पेन्सिलीने लिहा, कारण मधले रकाने खूप वेळा खोडावे लागणार आहेत.

या कागदावर सर्वांत जास्त वेळ पहिल्या वाक्याला द्या. 'फिक्स्चर जुनं झाल्यामुळे वेल्डिंग लाइनवर रिवर्क वाढलंय' असं वाक्य तुमच्या मीटिंगमध्ये कुणीतरी नक्की म्हणालेलं असणार. (फिक्स्चर म्हणजे वेल्डिंग करताना पार्ट जागेवर धरून ठेवणारी चौकट.) त्या वाक्याने कारण ठरवून टाकलं आणि नवं फिक्स्चर मागवायची तयारीही करून ठेवली. अजून कुणी काही मोजलेलंच नाही. त्याऐवजी असं लिहा : 'अमुक ब्रॅकेटच्या दर १०० पीसमागे इतके पीस रिवर्कला जातात, चार आठवड्यांच्या नोंदीवरून.' एवढंच. कारण नाही, उपाय नाही, दोष कुणाचा ते नाही.

मग चार आठवडे रिवर्कच्या टेबलावर एक साधा तक्ता ठेवा आणि रिवर्क करणाऱ्यालाच रेघा मारायला सांगा. उभ्या रकान्यात दोष : पोरोसिटी (वेल्डमधली बारीक छिद्रं), स्पॅटर (उडालेले धातूचे थेंब), अंडरकट (वेल्डच्या कडेला पडलेली खाच), होल न जुळणं. आडव्या ओळीत तारीख आणि शिफ्ट. दोन आठवड्यांतच चित्र दिसायला लागेल. समजा, सर्वांत जास्त रेघा पोरोसिटीच्या आल्या, तर फिक्स्चरचा त्यात काय संबंध? पोरोसिटी आली की गॅसचा फ्लो, वाऱ्याचा झोत, नोझलमध्ये साचलेलं स्पॅटर आणि पार्टवरचं तेल बघायचं. आणि तेल तर तुमच्याच प्रेस शॉपमधून येतं, प्रेसिंगला लावलेलं, न पुसता पुढे गेलेलं. म्हणजे वेल्डिंग लाइनवरच्या समस्येचं कारण दोन शेड अलीकडे असू शकतं. फिक्स्चरवर लाखभर रुपये घातल्यावर हे कळण्यापेक्षा रेघा मारतानाच कळलेलं बरं. होल न जुळण्याच्याच रेघा जास्त निघाल्या, तर मात्र फिक्स्चर म्हणणारे बरोबर होते, आणि मग पैसे मागायला तुमच्या हातात पुरावाही असेल.

कारण सापडलं असं वाटलं की ते बंद-चालू करून बघा. आठवडाभर पार्ट पुसून द्या, रिवर्क उतरलं पाहिजे. मग दोन दिवस, थोड्या पीसवर, न पुसता द्या, रिवर्क परत चढलं पाहिजे. तसं झालं नाही तर ते कारण नव्हतं, फिशबोनच्या (माशाच्या काट्यासारख्या, कारणं मांडायच्या) आकृतीवर ते कितीही ठळक लिहिलेलं असलं तरी. ही पायरी बहुतेक रिपोर्टमध्ये नसतेच. दहा कारणांची आकृती काढतात, हात वर करून एक निवडतात आणि पुढे जातात.

याच्या बरोबरीने एक जाड पुठ्ठ्याची शिवलेली वही ठेवा. सुटे कागद नकोत, एक्सेलही नको. रोज तीन-चार ओळी : तारीख, काय केलं, काय झालं, कुणी सांगितलं. जे फसलं तेही त्यात लिहायचं, किंबहुना तेच आधी लिहायचं. प्रेसच्या वेळी तुम्ही झटपट क्लॅम्प लावून पाहिले असतील आणि डायच्या प्लेटची जाडी वेगवेगळी म्हणून ते बसले नसतील, तर ते कुठे लिहिलंय? तीन वर्षांनी नवीन इंजिनिअर येईल, तेच क्लॅम्प पुन्हा मागवेल आणि तीच जाडी पुन्हा आडवी येईल. तुमचे व्हॉट्सॲपचे मेसेज अजून फोनमध्ये असतील तर त्यातून तारखा काढून ही वही मागे जाऊन जमेल तेवढी भरा. फोन बदलला की ते गेलं. वेल्डिंगच्या प्रोजेक्टमध्ये हे रोजच्या रोज झालं तर शेवटी रिपोर्ट 'तयार' करायला बसावं लागणार नाही, वहीतून उतरवून घेतला की झालं.

काम मागे का गेलं, याच्या उत्तराचा एक भाग काका सांगतील. दुसरा भाग असा की नवीन पद्धत कुठेच लिहिलेली नव्हती. ती तुमच्या आणि काकांच्या डोक्यात होती. तुम्ही गेलात, काका रजेवर गेले, की पद्धतही गेली. आपल्याकडे याचं एक जुनं उदाहरण आहे, कारखान्यातलं नाही, सरकारी कचेरीतलं. १९८० च्या दशकात अनिलकुमार लखिना अहमदनगरचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी कचेरीची बैठक, टेबलं, दफ्तर आणि कामाची वाटणी यांची नव्याने मांडणी केली, आणि ते काम 'लखिना पॅटर्न' म्हणून ओळखलं गेलं. टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे करायचे : करायची कामं, उत्तराची वाट पाहणारी, ठरावीक मुदतीची विवरणपत्रं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची. जिल्हाधिकाऱ्यांच्या तर बदल्या होतातच. तरी सहा गठ्ठा पद्धत आजही महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांमध्ये शिकवली जाते, कारण उद्या आलेल्या कारकुनालाही टेबलावर बसल्या बसल्या कळेल इतक्या साध्या रूपात ती लिहून ठेवली गेली.

तुमच्या प्रेसवरही तेच हवं. एक पान, लॅमिनेट केलेलं, प्रेसच्या खांबावर. त्यावर सहा-सात फोटो आणि प्रत्येकाखाली एक ओळ. मराठीत आणि हिंदीत दोन्ही, कारण तुमचे निम्मे ऑपरेटर बिहार-उत्तर प्रदेशचे असतील. इंग्रजीतलं चार पानी एसओपी (कामाच्या ठरलेल्या पद्धतीचा कागद) ऑडिटच्या फाइलसाठी ठेवा हवं तर, पण मशीनवर त्याचा उपयोग नाही. पानाच्या वरच्या कोपऱ्यात तारीख आणि ते बदलायचा अधिकार कुणाला, ते लिहा. माझ्या मते तो सेटरला हवा, शिफ्ट सुपरवायझरच्या सहीने. आणि आठवड्यातून एकदा सुपरवायझरने एक डाय बदल पान हातात घेऊन बघायचा, कुठे फरक पडला ते त्या पानाच्या मागे लिहायचं. फरक पडला म्हणून कुणाला बोलायचं नाही. माणसं चांगल्या कारणाने पद्धत मोडतात, तेव्हा बहुधा पानच चुकलेलं असतं. टी-बोल्टचं माप मात्र पानावर लिहून भागणार नाही, ते स्टोअरच्या आयटम मास्टरमध्येच बदलून घ्या, नाहीतर पुढची खरेदी पुन्हा जुन्याच मापाची होईल.

राहिले पाच लाख. हा हिशोब कसा झाला असेल त्याचा मला अंदाज आहे. एका बदलामागे ४२ मिनिटं वाचली, दिवसाला चार बदल, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे महिन्याला ७० तास. त्याला प्रेसचा तासाचा दर ६०० रुपये लावला की महिन्याला ४२ हजार आणि वर्षाला पाच लाख चार हजार. गुणाकार बिनचूक आहे. पण हे पैसे कुणाच्या खिशातून जायचे थांबले? ७० तास प्रेस रिकामी राहिली असेल तर एक रुपयाही वाचलेला नाही. म्हणून अकाउंट्समध्ये जा आणि बघा : त्या महिन्यांत रविवारचा ओव्हरटाइम कमी झाला का? बाहेर जॉबवर्कला जाणारं काम आत आलं का? सेटिंगला वेळ लागतो म्हणून आधी एका जॉबचे एकदम चार हजार पीस मारत असाल, तर आता दोन हजार मारता का, आणि त्यामुळे शॉपमध्ये भरून ठेवलेल्या बिन कमी झाल्या का? माझ्या अनुभवात डाय बदलाची खरी कमाई या शेवटच्या गोष्टीत असते, आणि नेमकी तीच कुणी मोजत नाही. यातलं जे सापडेल तेवढंच लिहा, अकाउंटंटची सही घेऊन. तो आकडा ६० हजार निघाला तरी चालेल. जे फक्त तासांत वाचलंय ते तासांतच लिहा.

साहेबांशी बोलताना स्पर्धेला नाही म्हणायला जाऊ नका. त्यांच्यासमोर दोन कागद ठेवा : जुन्या नोंदींवरून काढलेले आकडे आणि याच आठवड्यात बसून मोजलेले निदान दोन-तीन डाय बदल. मग सांगा, "साहेब, २८ टिकलेलं नाही. आत्ता रिपोर्ट दिला आणि परीक्षक प्रत्यक्ष शॉपवर आले, तर त्यांना ५५ दिसतील. मला तीन महिने द्या, मी ५५ वरून सुरुवात करते आणि या वेळी टिकवून दाखवते." कुठल्याही प्रॉडक्शनच्या साहेबाला परीक्षकासमोर उघडं पडणं नको असतं, ते ऐकतील. नाहीच ऐकलं तर रिपोर्ट द्या, पण त्यात २८ च्या पुढे ५५ सुद्धा लिहा, तारखेसकट, आणि का परत गेलं ते काकांच्या शब्दांत लिहा. १९६२ मध्ये जपानमध्ये पहिली क्वालिटी सर्कल नोंदली गेली तेव्हा, किंवा ती कल्पना १९८० च्या सुमारास हैदराबादच्या भेल (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) कारखान्यातून आपल्याकडे आली तेव्हा, मशीनवरच्या माणसाने आपल्या कामाचा अभ्यास करावा आणि दुसऱ्या शॉपमधल्या माणसाने त्यातून शिकावं एवढाच हेतू होता. मिळवलेली सुधारणा हातची कशी जाते हे दाखवणारा रिपोर्ट ऐकणाऱ्यांच्या फार कामाचा असतो, आणि तसा रिपोर्ट क्वचितच कुणी आणतं. बक्षीस मिळेल की नाही हे मी सांगू शकत नाही.

आणि सादरीकरणाला काकांना बरोबर न्या. पाहणीचा भाग तुम्ही सांगा, डायचा भाग त्यांना सांगू द्या. ते मराठीतच बोलणार असतील तर मराठीत बोलू द्या, स्लाइडही मराठीतच करा. रिपोर्टच्या पहिल्या पानावर टीमची नावं लिहिताना त्यांचं नाव तुमच्या वर असू द्या.